एकोणतीस घरट्यांचा हिशोब

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून लिहिलं आहे. – दहावी 'ब', मार्च १९९६)



मला वीस मिनिटं दिलेली आहेत आणि माझ्यानंतर जेवण आहे. मागच्या बाजूला जिलबी तळायला घेतली आहे हे मला इथपर्यंत कळतंय, म्हणजे तुम्हालाही कळत असणार. तेव्हा वेळेत संपवते.

बाकीच्यांनी आठवणी सांगितल्या. मी हिशोब सांगायला उभी आहे. मागच्या दिवाळीत आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी तुमच्याकडे पैसे मागितले होते. दहावी होऊन तीस वर्षं होतील, वर्षाला शंभर रुपये धरा, प्रत्येकी तीन हजार द्या, असं लिहिलं होतं. कशासाठी, तर घुबडांची घरटी मोजायला. पहिल्या दिवशी फक्त हसण्याचे चेहरे आले. एकाने विचारलं, "आमच्या हिची पण मोजणार का?" त्याचं उत्तर त्याच्या बायकोनेच ग्रुपवर दिलं, मला द्यावं लागलं नाही. पण पंधरा दिवसांत एक्केचाळीस जणांनी पैसे पाठवले. एक लाख तेवीस हजार रुपये. त्यात आपल्या भूगोलाच्या सरांचेही तीन हजार होते, आणि निरोप होता, "पक्ष्यांचं मला काही कळत नाही, पण नकाशा काढशील तर मला दाखव."

सर, नकाशा काढला होता. आज त्याच नकाशाबद्दल मला बोलायचं आहे.

आधी घुबडंच का, ते सांगते. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. इंजिनिअरिंग झाल्यापासून बावीस-तेवीस वर्षं पडद्याकडे बघतेय. परदेशातल्या लोकांशी मीटिंग असतात, त्यामुळे रात्री जागायची सवय. लॉकडाऊनच्या काळात आईकडे सासवडला राहून काम केलं. रात्री दीड वाजता मीटिंग संपवून गच्चीवर गेले की समोरच्या पडक्या वाड्यातून एक पांढरं काहीतरी निघायचं आणि माझ्या डोक्यावरून जायचं. आवाज शून्य. पंख्याचाही आवाज येतो, याचा नाही. पहिल्यांदा मी खरोखर घाबरले. मग कळलं, हे गव्हाणी घुबड. बदामासारखा पांढरा चेहरा. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, त्यामुळे हवा कापताना फडफड होत नाही. आणि त्याचे दोन कान एका उंचीवर नसतात, एक किंचित वर, एक खाली. त्यामुळे खालचा उंदीर नेमका कुठे हलला हे त्याला काळोखात नुसत्या आवाजावरून समजतं. मी आयुष्यभर यंत्रं जुळवत आले. इतकं चोख यंत्र आमच्या गच्चीसमोर राहत होतं आणि मला चाळिशीपर्यंत पत्ता नव्हता.

खरं म्हणजे पत्ता होता, पण वेगळा. आठवतंय का, आपल्याला घरी काय सांगायचे? घुबडाला दगड मारू नये. ते तो दगड उचलून नेतं, पाण्यात टाकतं, आणि दगड जसा झिजेल तसा मारणारा झिजतो. माझी आजी हे इतकं ठामपणे सांगायची की मी कधी चिंचेलासुद्धा दगड मारला नाही, न जाणो वर कोणी बसलेलं असलं तर! पहाटे कंदील घेऊन पिंगळा यायचा दारावर, भविष्य सांगायला. त्याला पिंगळा पक्ष्याची भाषा कळते असं म्हणायचे. म्हणजे भीतीही होती आणि थोडा मानही होता. आता भीती उरली आहे, मान गेला. दिवाळीच्या सुमाराला अजूनही जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पकडणं, मारणं, विकणं गुन्हा आहे, तरी.

आपल्याच पुरंदर तालुक्यात, पिंगोरीला, इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबडांसाठी उत्सव भरवला होता. शाळेची पोरं घुबडाचे मुखवटे घालून हिंडत होती. हे मला उशिरा समजलं आणि वाटलं, अरे, आपल्या दाराशी हे चाललंय आणि आपण हडपसरमध्ये बसून दुसऱ्या देशातल्या बँकांचे व्यवहार जुळवतोय. मग वाचायला लागले, शनिवार-रविवार जाणकारांबरोबर हिंडायला लागले, आणि तीन-चार वर्षांनी वाटलं की आपणही काही उपयोगाचं करावं.

ज्याला विचाराल तो म्हणतो, घुबडं कमी झाली. किती होती? माहीत नाही. किती राहिली? माहीत नाही. नुसते पक्षी मोजूनही भागत नाही. एखाद्या झाडावर म्हाताऱ्या जोडीचं वास्तव्य वर्षानुवर्षं असेल, पण पिल्लं उडत नसतील, तर पक्षी दिसतोय म्हणून आपण खूश राहणार आणि एक दिवस झाड रिकामं होणार. म्हणून घरटी शोधायची, आणि त्यातून पिल्लं बाहेर पडली का ते पाहायचं. याला वीण सर्वेक्षण म्हणतात. आपण शाळेची घंटा मध्य धरली आणि दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं. नोव्हेंबर ते एप्रिल. कारण पिंगळा आणि शृंगी घुबड यांची वीण साधारण याच काळात होते.

रात्री हिंडणं ऐकायला छान वाटतं. पहिल्याच शनिवारी एका वस्तीवर आम्हाला चोर समजून घेरलं. बॅटऱ्या घेऊन चार माणसं रात्री बांधावर उभी, काही बोलत नाहीत, नुसती कान देऊन उभी. मीही चोरच समजले असते. आपल्या वर्गातला एक जण, जो आज इथे वाढपी झाला आहे, तो त्या गावचा जावई निघाला म्हणून सुटलो. त्यानंतर नियमच केला. आधी सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटायचं, ज्याचं शेत त्याला सांगायचं, बिबट्याच्या भीतीने चारजणांशिवाय निघायचं नाही.

काम असं. ठरलेल्या जागी गाडी बंद करायची आणि दहा मिनिटं गप्प उभं राहायचं. काय ऐकू आलं, कोणत्या दिशेने, किती वाजता, ते वहीत लिहायचं. काही ऐकू आलं नाही तर शून्य लिहायचं. शून्य लिहायला फार जिवावर येतं, पण पुढच्या वर्षी तिथे आवाज आला तर या वर्षीच्या शून्यालाच किंमत असते. टॉर्चला लाल कागद लावायचा. मोबाईलवर घुबडाचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, कारण विणीच्या दिवसांत त्याला वाटतं दुसरा नर आला, आणि ते अंडी सोडून भांडायला निघतं. घरट्याजवळ जायचं नाही. लांबून दुर्बिणीने पाहायचं, आणि झाडाखाली पडलेल्या गोळ्या तपासायच्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केस यांची गोळी करून ओकून टाकतं. आपल्या विज्ञानाच्या बाईंना मी तसल्या गोळीतून निघालेल्या तीन कवट्या नेऊन दिल्या. बाईंनी त्या स्वयंपाकघरातल्या बशीत मांडून नातवाला शिकवलं, असं सूनबाईंनी मला थोड्या नाराजीने सांगितलं.

चांदण्या रात्री माळावर रातवा बोलायचा. टेबलटेनिसचा चेंडू टेबलावर सोडून दिला की कसा आधी सावकाश आणि मग भरभर टपटपतो, तसा आवाज. रातवा घरटं करतच नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो, त्यामुळे त्याची अंडी शोधायला गेलं तर पायाखाली जायची भीती. म्हणून त्याचे आणि करवानकाचे फक्त आवाज मोजले. घरटी मोजली ती तीन घुबडांची. पिंगळा, गव्हाणी घुबड आणि शृंगी घुबड.

आता नकाशा.

पैसे देणाऱ्याला आपले पैसे कुठे गेले ते दिसलं पाहिजे, असं माझं मत. आमच्या धंद्यात हेच शिकवतात. मी एक छोटं ॲप केलं. आमची मंडळी शेतातून नोंद भरायची आणि ती लगेच नकाशावर ठिपका होऊन दिसायची. प्रत्येक देणगीदाराच्या नावावर एक घरटं केलं. तुम्हाला लिंक आली असेल, 'तुमचं घरटं' म्हणून. ठिपक्यावर बोट ठेवलं की फोटो, तारीख, आणि रस्ता. ग्रुपवर किती कौतुक झालं! एकाने लिहिलं, माझ्या पिंगळ्याने मुलीच्या वाढदिवसाला अंडी घातली. मला रोज रात्री ते वाचून बरं वाटायचं.

यातला धोका मला माहीत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. ईबर्डवर जगभरचे लोक पक्ष्यांच्या नोंदी करतात, तिथेही काही संवेदनशील पक्ष्यांच्या नेमक्या जागा लपवून ठेवतात. मी ते वाचलं होतं. पण मला वाटलं, आपली लिंक आपल्याच वर्गात आहे. लिंक कुठे थांबते, हे सॉफ्टवेअरमध्ये तेवीस वर्षं काढलेल्या बाईला कळायला हवं होतं.

कऱ्हेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या दरडीत शृंगी घुबडाचं घरटं होतं. घरटं म्हणजे काय, दरडीतल्या एका कपारीत मातीवर तीन अंडी. हे मोठं घुबड, दीड-पावणेदोन फूट उंच, डोक्यावर शिंगांसारखी पिसं, नारिंगी डोळे. जानेवारीचा महिना. मादी अंड्यांवर बसून तीन आठवडे झाले होते. हिला महिनाभराहून थोडं जास्त बसावं लागतं, म्हणजे दहा-बारा दिवसांचा प्रश्न होता. ते शेत ज्यांचं, त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी त्या बाजूला गुरं सोडणं बंद केलं होतं. उसातल्या घुशी हीच खाते, म्हणायचे.

रविवारी दुपारी आबांचा फोन आला. म्हणाले, "पोरी, तुझी माणसं आली व्हती. तीन गाड्या. घुबाड उठीवलं त्यांनी."

मी हडपसरहून दिवे घाट चढून पोचेपर्यंत दोन वाजले. गाड्या गेल्या होत्या. आबांनी सांगितलं ते असं: लोक सकाळी अकराला आले, मोठे कॅमेरे होते. दरडीच्या समोर उभे राहिले, मग कोणीतरी टाळी वाजवली. घुबड उठलं आणि पलीकडच्या बाभळीत जाऊन बसलं. दिवसाढवळ्या घुबड उघड्यावर आलं की कावळे त्याला सोडत नाहीत. दहा-पंधरा कावळ्यांनी तिला बाभळीतून हुसकलं, ती पार टेकडीकडे गेली. परत येईपर्यंत दरडीत कावळे उतरले. मी पाहिलं तेव्हा तीनातल्या दोघांची कवचं होती, तिसऱ्याचं तेवढंही नव्हतं. संध्याकाळी ती आली. दरडीच्या वर बसली. बराच वेळ बसली. आम्ही अंधार पडल्यावर निघालो.

त्या तीन गाड्यांतल्या एका गाडीत आपल्यातला एक जण होता. त्याने स्वतःच दुसऱ्या दिवशी मला फोन केला. आपल्या नावाचं घरटं पाहायला तो ऑफिसातल्या हौशी फोटोवाल्यांना घेऊन आला होता, मीच पाठवलेल्या रस्त्याने. टाळी त्याने वाजवली नाही. त्याचं नाव मी सांगणार नाही, आणि जेवताना तुम्हीही कोणी विचारू नका. दार उघडं ठेवणारी मी. आत येणाऱ्याला काय म्हणून बोलायचं?

यापुढचं सांगायला मला जास्त जड जातंय.

त्या रात्री मला ॲपमध्ये नोंद करायची होती. घरटं अयशस्वी, कारण निवडा. कारणांची यादी मीच केलेली: झाड तोडलं, बांधकाम, शिकारी प्राणी, पाऊस, अज्ञात. माझं बोट 'अज्ञात'वर होतं. कावळ्यांनी खाल्ली म्हणजे 'शिकारी प्राणी' म्हटलं तरी ते खोटं नव्हतं. आबा ॲप बघत नाहीत. तुम्ही पैसे दिले होते, पुढच्या वर्षी पुन्हा मागायचे होते. असं घडलं हे कळलं तर कोण देणार? मी 'अज्ञात' निवडलं आणि झोपले. चार दिवस ती नोंद तशीच होती.

चार दिवसांनी मी रानपिंगळ्याबद्दल वाचत होते. महाराष्ट्राच्या पक्ष्यांमधली ही फार मोठी गोष्ट आहे, तुम्हाला थोडक्यात सांगते. रानपिंगळा हा आपल्या पिंगळ्याचा जंगलातला भाऊ, दिवसाही हिंडणारा. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याची शास्त्राला ओळख करून दिली. १८८४ नंतर मात्र तो कोणाला सापडला नाही. फक्त एक नोंद होती, माइनर्टझॅगन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची. १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला आपण हा पक्षी मिळवला, असं त्याने लिहून ठेवलं होतं, आणि पेंढा भरलेला पक्षीही होता. मोठा माणूस, त्यामुळे सगळ्यांनी विश्वास ठेवला. नंतर पामेला रासमुसेन या संशोधक बाईंनी तो पक्षी तपासला. तो संग्रहालयातून चोरलेला निघाला. डेव्हिडसन नावाच्या दुसऱ्याच माणसाने १८८० च्या दशकात गोळा केलेला पक्षी उसवून पुन्हा शिवला होता आणि नवी चिठ्ठी लावली होती. रासमुसेन यांनी मग ती नोंद बाजूला टाकली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्याबरोबर खानदेशात आल्या. शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला सापडला. एकशे तेरा वर्षांनी!

आपण दहावी होऊन दीड वर्षच झालं होतं तेव्हा. एका माणसाने आपली शान वाढवायला एक चिठ्ठी बदलली, आणि त्या चिठ्ठीमुळे शोधणारे भलत्या जागी बघत राहिले.

मला तेव्हा आपल्या प्रयोगशाळेतला लंबक आठवला. वीस आंदोलनांना किती सेकंद लागतात ते पाच वेळा मोजायचं होतं. मी दोनदाच मोजलं आणि बाकीचे तीन आकडे छान जुळवून लिहिले. माझ्या शेजारणीचे आकडे वेडेवाकडे होते, खाडाखोडही होती. बाईंनी तिला पूर्ण गुण दिले आणि मला निम्मे. मी रडले होते. बाई इथे बसल्या आहेत, त्यांना हे आठवतही नसेल. त्यांनी मला तेव्हा एवढंच विचारलं होतं, "तुझा लंबक भिंतीवरच्या घड्याळापेक्षा हुशार आहे का गं?"

त्या रात्री मी यादीत नवीन कारण घातलं: 'माणसांचा त्रास'. ते निवडलं, आणि शेऱ्यात लिहिलं: जागा सर्वेक्षणाच्या नकाशावरून समजली. मग नकाशा बंद केला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तेव्हा विचारलं, ॲप का चालत नाही? मी म्हटलं, दुरुस्ती चालू आहे. हेही अर्धंच खरं होतं. पूर्ण आज सांगितलं.

आता आकडे. एकूण घरटी सापडली एकोणतीस. पिंगळ्याची एकोणीस, गव्हाणी घुबडाची सहा, शृंगी घुबडाची चार. पिल्लं उडाली वीस घरट्यांतून: पिंगळ्याच्या तेरा, गव्हाणीच्या पाच, शृंगीच्या दोन. नऊ घरटी फसली. पिंगळ्याच्या सहापैकी दोन रस्तारुंदीकरणात झाडांबरोबर गेली, चारांचं कारण आम्हाला खरोखर कळलं नाही. तिथे 'अज्ञात' हा शब्द आता खरा आहे. गव्हाणीचं एक वाडा पाडताना गेलं. शृंगीचं एक मुरूम उपसताना, आणि एक माझ्या नकाशामुळे.

चांगलंही सांगते. गव्हाणीच्या पाचांपैकी एक घरटं सासवडातल्या ज्या वाड्यात होतं, तोही पाडायचाच होता. मालक आपल्या शाळेचे, आपल्याहून दहा वर्षं पुढचे. पिल्लं उडेपर्यंत थांबाल का, म्हटल्यावर त्यांनी ठेकेदाराला दोन महिने थांबवलं. "माझ्या आजोबांच्या वेळेपासून भाडेकरू आहेत, नोटीस तरी द्यायला हवी," म्हणाले. दोन शेतकऱ्यांनी ढोली असलेली वाळकी झाडं सरपणासाठी तोडायची ठेवली. काही जणांनी उंदरांसाठी विषाच्या गोळ्या टाकण्याऐवजी शेतात टी आकाराचे पक्षी थांबे रोवले. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर विष घुबडालाही बाधतं, हे एकदा सांगितलं की पटतं लोकांना.

खर्च असा. पेट्रोल आणि प्रवास एकतीस हजार चारशे. दुर्बिणी आणि टॉर्च चोवीस हजार सहाशे. वह्या आणि पत्रकं सहा हजार आठशे. गावातल्या दोन मुलांना सहा महिन्यांचं मानधन तीस हजार. लाकडी घरटी-पेट्या बारा, त्यांचे बारा हजार. पेट्यांबद्दल विचारू नका. तीन पेट्यांत साळुंक्यांनी संसार थाटला, एकीत मधमाश्या, आठ रिकाम्या. घुबड एकीतही नाही. एकूण एक लाख चार हजार आठशे. शिल्लक अठरा हजार दोनशे. सगळ्या पावत्या त्या टेबलावर फाइलमध्ये आहेत, वहीसकट.

येत्या नोव्हेंबरपासून दुसरं वर्ष करायचं आहे, कारण एका वर्षाच्या आकड्यावरून वाढलं की घटलं काहीच म्हणता येत नाही. त्यासाठी मी पुन्हा पैसे मागते आहे. पण या वेळी अटी सांगून मागते. तुमच्या नावाचं घरटं मिळणार नाही. फोटो मिळणार नाही, रस्ता मिळणार नाही. नेमक्या जागा दोन मुलांच्या वहीत आणि माझ्याकडे राहतील, आणि वनखात्याने मागितल्या तर त्यांना. तुम्हाला मे महिन्यात एक कागद येईल, त्यावर असेच आकडे असतील, फसलेल्यांसकट. भूगोलाच्या सरांना मोठ्या चौकोनांचा नकाशा मिळेल, ज्यात चौकोनात किती घरटी ते कळेल, कुठे ते नाही. सर, तेवढ्यावर चालवून घ्या. आणि गेल्या वर्षी पैसे दिलेल्यांपैकी कोणाला हे ऐकून आपले तीन हजार परत हवे असतील, तर मी माझ्या खिशातून देईन. संकोच करू नका, मला वाईट वाटणार नाही. वाटलं तर वाटू दे.

आबांना मी फेब्रुवारीत भेटायला गेले. तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, पुढल्या साली ती हितंच येईल, जागा सोडायची नाही ती. खरंच येईल का, मला माहीत नाही. आली तर तुम्हाला कुठल्या शेतात आली ते सांगणार नाही.

शेवटचं. या सभागृहाच्या मागे चिंच आहे, तीच, जिच्यावर मी कधी दगड मारला नाही. तिच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे. हे गुपित नाही, शाळेच्या शिपायांना आणि सगळ्या पोरांना ठाऊक आहे, आणि त्या जोडीला आपल्या गोंगाटाची सवय आहे. सात वाजता, दिवेलागणीला, ज्यांना यायचं त्यांनी मागच्या पायऱ्यांवर या. झाडापाशी जायचं नाही. मोबाईल खिशात. दहा मिनिटं गप्प बसायचं. आपल्या 'ब' तुकडीला दहा मिनिटं गप्प बसवणं कुठल्याच सरांना जमलं नव्हतं, बघू पिंगळ्याला जमतंय का. ओरडला तर वहीत लिहू, नाही ओरडला तर शून्य लिहू.

चला, जिलबी गार होतेय.